इंजिन सुरू झालं की सांगायचं

मी तोंडाचा फटकळ माणूस आहे. डोंगरातल्या आमच्या मुर्गाब गावच्या बाजारात कुणालाही विचारा, तेमिरकुल मिस्त्री कसा आहे. म्हणतील, हात चांगला, जीभ वाईट. ज्याला जे सांगायचं ते मी आजवर तोंडावर सांगत आलो. गाडी भंगार असली तर भंगार म्हणतो, मग मालक साहेबाचा मेहुणा का असेना. असा मी, आणि मी तीन दिवस तोंड शिवून बसलो. तेही कुणापुढे, तर ओरोझालीपुढे. आता वर्ष होत आलं. झोपबीप उडाली वगैरे काही नाही, झोप लागते मेली. पण जेवायला बसलो की घास तोंडात फिरत राहतो.

ओरोझाली माझा कुर्दाश. म्हणजे आम्ही एका वर्षाचे, एका गल्लीत वाढलेले, एकाच दिवशी सुंता झालेले. कुर्दाशांना एकमेकांची कितीही टर उडवायची मुभा असते. टकलावरून बोला, बायकोवरून बोला, बापावरून बोला, राग मानायचा नाही. त्याच्या बदल्यात एकच अपेक्षा, की एकमेकांपासून काही लपवायचं नाही. ओरोझची बायको वारली तेव्हा सगळ्यांत आधी तो माझ्या दारात आला होता. माझ्या धाकट्या पोराने घरातले पैसे उचलून पळ काढला तेव्हा मी कुणाला तोंड दाखवत नव्हतो, फक्त ओरोझला दाखवलं.

ओरोझला एकुलता एक मुलगा, एलचिबेक. थोरली मुलगी कारा-कुल गावी दिलेली, म्हणजे घरात दोघंच. एलचिबेक पहिल्यांदा चालायला लागला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या पायात दोरी बांधली आणि ती कापायला मला बोलावलं. कापणाऱ्याचे गुण पोराला लागतात म्हणतात. मी ओरोझला म्हटलं, माझे गुण लागले तर पोरगं शिव्या देत फिरेल. तो म्हणाला, लागू देत, निदान दोन पैसे तरी कमवेल. झालं उलटंच. पोरगं शांत निघालं, हसरं निघालं, आणि पैसे कमवायला रशियात येकातेरिनबुर्गला गेलं. तिथे उंच इमारती बांधायच्या कामावर होता. चार वर्षं झाली होती.

आता गाडीचं सांगतो. ओरोझकडे रशियन बनावटीची डबा-गाडी आहे. पावासारखी दिसते म्हणून आमच्याकडे तिला बुखान्काच म्हणतात. हिचं इंजिन पुढे नाकात नसतं, डब्याच्या आत, ड्रायव्हर आणि शेजारच्या माणसाच्या मध्ये असतं. वर नुसतं झाकण. हिवाळ्यात पाय शेकत बसायला बरं. पण इंजिन पेट्रोलचं. मुर्गाबला पेट्रोल खिंडींपलीकडच्या ओश शहरातून कॅनमधून येतं, रस्ता खुला असेल तेव्हा येतं, आणि त्यात काय काय मिसळलेलं असतं ते देव जाणे. डिझेलला मात्र मरण नाही. चीनहून येणारे ट्रकवाले आपल्या टाकीतलं डिझेल बादलीने विकतात. म्हणून एलचिबेकच्या डोक्यात आलं की पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि डिझेलचं टाकायचं. तिकडे बसून फोनवर फोटो मागवून त्याने ओशच्या जुन्या बाजारात एक जर्मन इंजिन पसंत केलं. भंगारात गेलेल्या व्हॅनमधलं, पंच्याऐंशी सालचं.

"बाबा, ते माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठं आहे," तो फोनवर म्हणाला होता. "त्याला अरे-तुरे करू नका."

मी ते इंजिन पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "ओरोझ, अरे तुझं आत्ताचं इंजिन चार वर्षांचं आहे. लोक दात पडले की कवळी बसवतात. तू दात उपटून बसवतोयस."

"दुखरा दात ठेवून काय लोणचं घालू?" तो म्हणाला. "मेमध्ये पोरगा येतोय. आता परत जायचं नाही त्याला. ही गाडी तोच चालवणार, मुर्गाब ते ओश. त्याच्या कामाची गाडी त्याच्या मनासारखी होऊ दे."

परत जायचं नाही, हे वाक्य तो त्या हिवाळ्यात दिवसातून दहादा म्हणायचा. पोरगा परत जाणार नाही, लग्न करणार, अंगणात एक खोली वाढवायची. बायको गेल्यावर हा माणूस पाच वर्षं नुसता चहा-भाकरीवर जगला होता. त्या मार्चमध्ये तो भाव काढून विटा बघत होता.

रविवारी आम्ही पेट्रोलचं इंजिन उतरवलं. सोमवारी डिझेलचं आत धरून पाहिलं, तर तेलाचं भांडं पुढच्या आसावर टेकत होतं. भांडं कापून, उलटं फिरवून परत वेल्ड करायचं ठरलं. गिअरबॉक्स रशियन, इंजिन जर्मन, दोघांचे नट जुळेनात. मध्ये घालायची जाड प्लेट मी आधीच कापून ठेवली होती. आठवड्याचं काम होतं, निवांत करायचं होतं.

मंगळवारी सकाळी मी वेल्डिंगच्या कांड्या आणायला बाजारात गेलो. आमचा बाजार म्हणजे ओळीने ठेवलेले लोखंडी कंटेनर. त्यातल्या एकामागे शेरमात-आके उभे होते. ओरोझच्या कुळातले सगळ्यांत वडील, म्हणून नावापुढे मानाचं आके. त्यांनी मला खूण करून बोलावलं. मला वाटलं, त्यांच्या पाणी ओढायच्या पंपाचं काहीतरी असेल.

"एलचिबेक वारला," ते म्हणाले. "काल. सातव्या मजल्यावरून पडला. त्याच्याबरोबरच्या पोराने माझ्या घरी फोन केला."

माझ्या हातात कांड्यांचं पुडकं होतं. ते मी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, परत पहिल्यात घेतलं. मग म्हटलं, "ओरोझला कळलंय?"

"नाही. आणि कळणारही नाही, आम्ही सांगेपर्यंत. रीत तुला माहीत आहे."

रीत मला माहीत होती. आमच्यात जवळच्या माणसाच्या मरणाची बातमी कुणी एकट्याने, वाटेत गाठून सांगत नाही. चार वडीलधारी जमतात, जवळचं माणूस येऊन पोचतं, मग खाली बसवून, हात धरून, हळूहळू सांगतात. तोवर सगळं गाव जाणतं आणि ज्याचं घर बुडालं तो एकटाच जाणत नाही. माझ्या बापाचं मलाही असंच सांगितलं होतं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

"मुलीला निरोप गेलाय," शेरमात-आके म्हणाले. "ती गुरुवारी पोचेल. शुक्रवारी विमान ओशला उतरेल. पोराची पेटी आणायची कशातून, ते बोल. पंधरा दिवस बाजारात पेट्रोलचा थेंब नाही. सगळ्या जीप उभ्या. चिन्यांच्या ट्रकवर सिमेंटच्या गोण्यांवर टाकून आणू का पोराला?"

मी कांड्यांचं पुडकं खाली ठेवलं.

"डिझेलवर चालेल आणि पेटी आत मावेल अशी गावात एकच गाडी होऊ शकते. ती आत्ता ओरोझच्या अंगणात पोट फाडून पडली आहे. गुरुवारपर्यंत होईल?"

"दोघांनी हात लावला तर होईल."

"एकट्याने?"

इथे मी चुकलो. मला म्हणता आलं असतं, होईल. दोन दिवस, दोन रात्री झोपलो नसतो, दोन पोरं भाड्याने घेतली असती, काहीतरी केलं असतं. पण मी मिस्त्री. इंजिनाबद्दल विचारलं की माझ्या तोंडून खरंच येतं. "एकट्याने नाही होणार," मी म्हणालो.

"मग त्याला हात लावू दे. सांगितलं तर तो पाना धरणार नाही, आणि धरूही नये."

"बापाच्या हाताने ही गाडी तयार करून घ्यायची? शेरमात-आके, हे पाप आहे."

"दुसरा रस्ता दाखव, मी तुझ्या पाया पडतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. मला त्यांच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येईना. "इंजिन सुरू झालं की आवाज गावभर ऐकू येईल. आवाज आला की आम्ही निघू. आणि मागे सव्वादोन मीटर सरळ जागा ठेव."

मी परत आलो तेव्हा ओरोझ गाडीखाली होता आणि शीळ घालत होता. माझे बूट दिसल्याबरोबर म्हणाला, "एवढा वेळ? बाजारात बायका बघत होतास का?"

"होत्या दोन. तुझ्या वयाच्या निघाल्या, म्हणून परत आलो."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. तीस-चाळीस वर्षांची सवय, तोंड आपलं आपण चालतं. तो खाली पडल्या पडल्या खो खो हसला. मी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि भांडं जोडायला बसलो. ती काच त्या तीन दिवसांत माझ्या फार कामी आली.

दुपारी त्याला सांगितलं की गुरुवारी संपवू.

"एवढी काय घाई? मेपर्यंत वेळ आहे."

"मला पुढे काम आहे."

"तुला? तुझ्याकडे कोण मूर्ख गाडी देतो माझ्याशिवाय?" असं म्हणून तो कामाला लागला. माझ्या शब्दाखातर लागला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही इंजिन साखळीने उचलून आत घेतलं, प्लेट बसवली, गिअरबॉक्सला जोडलं. जर्मन इंजिन लांब, पाच सिलिंडरचं. ते डब्यात वीतभर मागे येत होतं. म्हणजे मागची जागा वीतभर कमी. मी टेप धरला. एक मीटर नव्वद.

"मागचा बाक काढावा लागेल," मी म्हणालो.

"आणि पाशिंजर काय तुझ्या डोक्यावर बसवू?"

"माल नेता येईल. पाइप, फळ्या. सव्वादोन मीटर सरळ जागा हवी."

तो विचार करत बाकाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता नाही म्हणेल, आणि नाही म्हणावं असंही वाटलं. पण त्याचा चेहरा उजळला. "खोलीसाठी तुळया आणायच्याच आहेत ओशहून. पोरगा परस्पर घेऊन येईल." आणि पाना घेऊन तो स्वतः आत चढला. बाकाचे गंजलेले सहा बोल्ट त्याने एकट्याने सोडवले, एक तुटला तर छिन्नीने उडवला. मी बाहेर उभा राहून बोल्ट झेलत होतो. खाली जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ना, ते मी तेव्हा मनात अक्षरशः म्हणालो.

बुधवारी लोक यायला लागले. ज्यांनी आयुष्यात कधी ओरोझच्या गाडीला धक्का दिला नव्हता ते येऊन विचारायचे, काही धरायचं आहे का, उचलायचं आहे का. एकाने रेडिएटर आणून दिला, एकाने बॅटरी. कुणी जास्त बोलायचं नाही. हात लावायचे, मान खाली घालायचे आणि जायचे.

"काय रे, सगळं गाव पाघळलंय," ओरोझ मला म्हणाला. "फुकट ओशला न्यायचं म्हणून आत्तापासून मस्का लावतायत."

"तुझं तोंड बघून दया येते त्यांना."

"तुझं काय झालंय पण? सकाळपासून एक शिवी दिली नाहीस. पोट बिघडलंय?"

मी त्याला शिवी दिली. द्यावी लागली. मग त्याला हवी तशी थट्टाही करावी लागली, कारण ती मी रोज करायचो आणि ती नाही केली तर त्याला संशय आला असता. आमची ठरलेली थट्टा होती एलचिबेकवरून. मी म्हणायचो, "तुझ्यासारख्या माकडाच्या पोटी असा देखणा पोरगा कसा आला, मला तर शंका आहे." मग तो म्हणायचा, "आरशात बघ, शंका फिटेल." तीच थट्टा मी बुधवारी केली. माती द्यायच्या पोरावर केली. ओरोझ नेहमीचं उत्तर देऊन हसला आणि त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला. मी भिंतीमागे जाऊन ओकून आलो. पोट खरंच बिघडलंय अशी त्याची खात्री झाली. त्याने मला काळा चहा करून दिला आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिला.

संध्याकाळी त्याने पोराला फोन लावला. "सुरू झालं की त्याला आवाज ऐकवायचा आहे. किती वाजता लावू ते विचारतो." फोन बंद. परत लावला, परत बंद. "तीन दिवस झाले. गाढवाने फोन पाडला असेल कुठेतरी."

"शिफ्ट असेल," मी म्हणालो.

शेरमात-आक्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. शिफ्ट असेल असं म्हणायला सांगितलं नव्हतं. ते खोटं माझं.

गुरुवारी दुपारी काम संपलं. डिझेलच्या नळ्या जोडल्या, एक टाकीतून येणारी, एक उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी. पाणी भरलं, तेल भरलं. शेरमात-आक्यांच्या दारात एक चिनी ट्रक थांबून गेलेला मी पाहिला, म्हणजे मुलगी पोचली. आता नुसती किल्ली फिरवायची राहिली होती. ओरोझ हात पुसत होता. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हे इंजिन सुरू न झालेलंच बरं. आवाज झाला की ते निघणार. आवाज नाही झाला तर आणखी एक तास हा माणूस असाच हात पुसत उभा राहील.

मी पंपाकडे जाणाऱ्या नळीचा नट अर्धा फेरा सैल केला. एवढ्याने नळी हवा ओढते आणि डिझेल पेटत नाही. बघणाऱ्याला काही दिसत नाही.

ओरोझने किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, पांढरा धूर सोडला, थांबलं. परत फिरवली, तेच. त्याने ब्लोलॅम्प पेटवून तेलाच्या भांड्याखाली धरला, वीस मिनिटं शेक दिला. परत तेच. मी म्हटलं, "जाऊ दे, थंडी आहे, उद्या बघू."

"गुरुवार गुरुवार म्हणून जीव काढलास आणि आता उद्या?"

तो झाकण उघडून वाकला. नळीवरून बोट फिरवत गेला, टाकीकडून पंपाकडे, आणि नटावर थांबला. बोट ओलं झालं.

"तेमिर, हा सैल कुणी ठेवला?"

"राहिला असेल."

"तुझ्याकडून? तुझा नट कधी राहिलेला मी पाहिला नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तो मान हलवून हसला. "म्हातारा झालास रे. पोरगा आला की त्यालाच शिकव आता, तुझ्या हातचं गेलं."

त्याने नट आवळला, पंपाने हवा काढली, चढून बसला आणि किल्ली फिरवली.

इंजिन पेटलं. आधी अडखळलं, मग सगळे पाच सिलिंडर लागले आणि अंगण हादरायला लागलं. जुन्या डिझेलचा आवाज काय असतो ते ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल, छातीत वाजतो. ओरोझने दोन्ही हात स्टिअरिंगवर मारले. तो काहीतरी ओरडत होता, मला ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं: काय म्हणालो होतो मी, काय म्हणालो होतो.

मी फाटकाकडे बघत होतो. ते आले. सात म्हातारे, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हात पोटावर बांधलेले. पुढे शेरमात-आके.

ओरोझला आनंदच झाला. आवाज ऐकून लोक बघायला आले, असं त्याला वाटलं. मोठ्यांसमोर गाडीत बसून राहू नये म्हणून त्याने किल्ली बंद केली आणि उतरायला लागला. इंजिन चालूच राहिलं. तो किल्लीकडे बघून चकित झाला. पेट्रोलची सवय. हे जुनं डिझेल एकदा पेटलं की त्याला विजेची गरज नसते, किल्ली काढून खिशात घातली तरी ते चालतं. ते बंद करायला पंपापासून एक तार ओढून आणावी लागते, आणि ती आम्ही घाईत बसवलीच नव्हती.

शेरमात-आक्यांनी काहीतरी म्हटलं. ओरोझने कानामागे हात धरला. "मोठ्याने बोला, आके. हा राक्षस ऐकू देत नाही." तो हसत होता. शेरमात-आक्यांनी परत तोंड उघडलं आणि मिटलं. ती बातमी ओरडून सांगता येत नाही. कुणी सांगितलेलीही नाही. सातही जण तिथेच उभे राहिले, इंजिन गरजत राहिलं आणि ओरोझ कानामागे हात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हललो नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, मिनिटभरच असेल. ते इंजिन चालू होतं तोवर एलचिबेक मेमध्ये घरी येणार होता. टाकीत चाळीस लिटर डिझेल होतं. मला वाटलं, संपू दे.

पण म्हाताऱ्यांच्या मागे ओरोझची मुलगी आली. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, आणि ओरोझची नजर तिच्यावर पडायच्या आत मी पडलेली एक फळी उचलली, आत वाकलो आणि हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर दाबून धरली. इंजिन गचके देत घुसमटलं आणि बंद पडलं.

"अरे, बंद का केलंस?" ओरोझ म्हणाला. "छान चाललं होतं."

मग त्याला मुलगी दिसली.

शेरमात-आक्यांनी त्याला हाताला धरून उलट्या बादलीवर बसवलं. काय बोलले ते मी इथे सांगत नाही, ते त्याच्यासाठी होतं. सगळं रीतीप्रमाणे, हळू, आधी पोरगा आजारी आहे असं, मग अपघाताचं, मग देवाच्या इच्छेचं. मुलगी त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडत होती आणि तो तिच्या डोक्यावरच्या रुमालावरून हात फिरवत होता. हाताला अजून तेल होतं, रुमाल काळा झाला.

"कधी?" त्याने विचारलं.

"सोमवारी."

त्याने मान वर केली. शेरमात-आक्यांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी सकाळी," मी म्हणालो. "कांड्या आणायला गेलो तेव्हा."

तो मनात काहीतरी जुळवत राहिला. मला वाटलं, शिवी देईल, अंगावर येईल. मी तयार होतो. मारला असता तरी बरं झालं असतं.

"म्हणजे मंगळवार, बुधवार आणि आज," तो म्हणाला. "तीन दिवस माझं पोरगं मेलेलं, आणि त्याच्या घरात त्याच्यासाठी कुणी रडलं नाही. मी शीळ घालत होतो." आवाज चढलेला नव्हता. "इतरांचं ठीक आहे, तेमिर. त्यांनी रीत पाळली. पण तू माझ्याबरोबर हसलास."

मला सांगायचं होतं की गाडीसाठी, पेटीसाठी, तुझ्या पोराला सिमेंटवर टाकून आणू नये म्हणून. सगळं खरं होतं.

आमच्यात मयताच्या दारात पुरुष कमरेला पट्टा बांधून, हातात काठी घेऊन ओळीने उभे राहतात आणि मोठ्याने रडतात. येणारा प्रत्येकजण आधी ते रडणं ऐकतो. ओरोझ उठला. घरात गेला, पट्टा बांधून आला आणि दारात उभा राहिला. त्याने पहिली हाक घातली, "माझ्या वासरा, माझ्या एकुलत्या एका," आणि ती ऐकून गल्लीतली दारं उघडली. शेरमात-आके त्याच्या उजव्या हाताला उभे राहिले. डावी जागा माझी. कुर्दाशाची जागा तीच असते, आणि त्या पोराच्या पायातली दोरी मी कापलेली. मी पट्टा आवळला आणि जाऊन उभा राहिलो.

ओरोझने रडणं थांबवलं. माझ्याकडे न बघता, समोर बघत म्हणाला, "तू इथे नको. तू गाडी बघ."

मी गाडी बघितली. तार बसवली, पाणी तपासलं, संध्याकाळच्या आत आम्ही निघालो. चारशे वीस किलोमीटर, दोन खिंडी, तो माझ्या शेजारी बसला होता, मध्ये ते इंजिन. कुठेही अडलं नाही, एकदासुद्धा गरम झालं नाही. ओशला पेटी सरळ आत गेली. परत येतानाही तसंच. आयुष्यात इतकं चोख काम माझ्या हातून झालं नाही, आणि प्रत्येक चढावर मी देवाजवळ मागत होतो की काहीतरी मोडू दे, म्हणजे तो निदान काय झालं असं तरी विचारेल. त्याने काही विचारलं नाही.

पोराला माती दिली. सातवा दिवस झाला, चाळिसावा झाला. आता वर्षाचं जेवण जवळ आलंय. ओरोझ बाजारात भेटतो, सलाम करतो, मी सलाम करतो, दोन्ही हातांनी, परक्या माणसाला करतात तसा. आमच्यात दारात उभं राहून रडल्याशिवाय दुःख अंगातून जात नाही म्हणतात. त्या दारात मला अजून कुणी उभं केलेलं नाही. आणि दुसरीकडे कुठे जाऊन रडावं, ते मला कळत नाही.